टाचांचं चित्र

शाळेत चित्रकलेच्या बाईला नेमकं काय काम असतं, असं लोक मला अजून विचारतात. मी खरं ते सांगते. दर्शनी फळ्यावर खडूने सुविचार लिहायचा. पाहुणे येणार असतील तर पायरीवर रांगोळी काढायची. स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर थर्माकोलची अक्षरं चिकटवायची, आणि गणिताच्या सरांचा पोर्शन मागे पडला की आपला तास हसतमुखाने त्यांच्या स्वाधीन करायचा. एवढं करून वेळ उरलाच तर मुलांकडून आंबा आणि तांब्या काढून घ्यायचा. तुर्भ्याच्या एका मराठी शाळेत मी हे एकतीस वर्षं केलं. चित्रकलेची खोली म्हणून मला जी मिळाली होती तिथे शाळेचे मोडके बाक रचून ठेवलेले असत. माझ्या आधीच्या मास्तरांनी त्या बाकांचीच चित्रं काढून घेऊन दिवस ढकलले होते म्हणे.

मला मात्र खाज निराळीच होती. चित्र काढता सगळ्यांना येत नाही, आणि यायलाच हवं असंही नाही. पण बघता सगळ्यांना आलं पाहिजे. जन्मभर कोणी ना कोणी आपल्यापुढे काहीतरी धरून 'कसं वाटलं?' असं विचारणारच असतं, मग ते चित्र असो, साडी असो की जावई. त्यावर 'छान' म्हणून मोकळं व्हायची आपल्याला जी सवय आहे, ती मला नववीच्या वर्गातून हद्दपार करायची होती.

पहिल्या वर्षीच कळलं की रोग किती मुरलेला आहे. मी कोळशाने काढलेलं एका म्हातारीचं चित्र भिंतीवर लावलं आणि सांगितलं, रसग्रहण लिहा. वर्गभरच्या वह्यांत पहिलं वाक्य तेच: 'चित्रकाराने रंगसंगती अतिशय मनमोहक साधली आहे.' एका पठ्ठ्याने तर पुढे लिहिलं होतं की हिरव्या रंगामुळे डोळ्यांना गारवा मिळतो. मी त्याला चित्रासमोर उभं केलं आणि म्हटलं, "हिरवा दाखव." तो बराच वेळ शोधत राहिला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, गाइडमध्ये आहे."

त्या दिवसापासून गाइड बंद आणि चार प्रश्न सुरू. बाहेरच्या माणसाला हे शिकवणं म्हणजे काहीतरी गहन वाटतं, म्हणून सांगते. सगळं शास्त्र एवढंच आहे. पहिला प्रश्न: दिसतंय काय? दुसरा: मांडलंय कसं? तिसरा: बघताना आपल्याला होतंय काय? आणि चौथा: जमलंय का? क्रम मोडायचा नाही. पहिली पाच मिनिटं कोणी तोंड उघडायचं नाही, नुसतं बघायचं. 'छान', 'सुंदर' आणि 'अप्रतिम' हे शब्द चौथ्या प्रश्नापर्यंत वर्गाबाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नावावर पट्टी. चित्रावर नाव असेल तिथे मी कागदाची पट्टी चिकटवायची, आणि वर्गाचा निकाल लिहून झाल्याशिवाय ती उचलायची नाही. कारण नाव वाचलं की आपल्या लोकांचे डोळे मिटतात आणि मान डोलायला लागते.

याचा त्रास व्हायचा तो झालाच. एकदा एक गृहस्थ मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन आले. कोपरखैरण्याला नवा फ्लॅट घेतला होता आणि वास्तुवाल्याच्या सल्ल्याने हॉलमध्ये धावत्या सात घोड्यांचं भलंमोठं चित्र लावलं होतं. त्यांचा मुलगा पाच मिनिटं त्यासमोर उभा राहिला आणि पाहुण्यांदेखत म्हणाला, पप्पा, चौथ्या घोड्याला तीनच पाय आहेत. गृहस्थ माझ्यावर बरसले. "मॅडम, पोराला टीका करायला शिकवता तुमी? घरात टेन्शन झालं ना!" मी विचारलं, "तुम्ही मोजलेत का?" ते म्हणाले, "मोजले. तीनच आहेत. पण म्हणून काय बोलायचं?" या 'पण म्हणून काय बोलायचं'वर आपली निम्मी संस्कृती उभी आहे.

आणि फ्लेमिंगो! आमच्या शहराला फ्लेमिंगोंनी झपाटलं आहे. खाडीत खरे पक्षी येतात तेव्हा बघायला जाणारे मोजके, पण पुलाखाली, नाल्याच्या कठड्यावर, शौचालयाच्या भिंतीवर, जिथे रंग बसेल तिथे गुलाबी फ्लेमिंगो. मी वर्गाला घेऊन अशा एका भिंतीसमोर उभी राहिले. पाच मिनिटांनी एक पोरगी म्हणाली, "बाई, याचा पाय पुढच्या साइडला दुमडतोय की आपल्यासारखा. हा खाली बसला तर खुर्चीच लागेल याला." वर्ग हसून लोळला. मला तर धन्य झाल्यासारखं वाटलं. माझी पोरं बघायला लागली होती. मग मला गर्व झाला, आणि इथून पुढे मी सांगणार आहे ते त्या गर्वाचं घर खाली कसं झालं ते.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना शाळाशाळांच्या चित्रांचं एक प्रदर्शन निघालं. विषय 'माझा परिसर', आणि बक्षिसंही होती. नववीतून एकच चित्र पाठवायचं आणि निवड माझी. अशा वेळी माझं खरं कसब पणाला लागायचं, ते म्हणजे परका हात ओळखणं. आमच्याकडे ड्रॉइंग क्लासचं पेव फुटलं आहे. मुलाने झाड काढायचं आणि क्लासच्या सरांनी त्याखाली अशी सावली टाकायची की परीक्षक चाट पडावेत. आया तर स्वतःच बसतात ब्रश घेऊन. मी चित्र हातात घेतलं की सांगायचे, हे आईचं, हे सरांचं, हे ताईचं. मला त्याचा फार अभिमान होता.

प्रणाली ही माझ्या त्या वर्गातली मुलगी. खाडीकाठच्या जुन्या गावातली, आगऱ्यांची. तिचे वडील बाळाराम पेंटर तुर्भ्याला ट्रक जिथे उभे राहतात तिथे ट्रक रंगवायचे. मागच्या फळीवर गरूड, कमळ, मालकाच्या पोरांची नावं. प्रणालीचा आंबा आणि तिचा बटाटा यांत मला तीन वर्षांत फरक दिसला नव्हता, म्हणून मी तिच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. एका सोमवारी ती वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, प्रदर्शनासाठी," ती म्हणाली. मग म्हणाली, "पप्पांनी सांगितलंय, बाई बोलल्या चित्र चांगलं आहे तर दहावीनंतर आर्टला घालतो. नायतर कॉमर्स. ते बोलतात, मला काय कळत नाय, बाई सांगतील ते फायनल."

म्हणजे बघा, एका मुलीचं पुढचं आयुष्य माझ्या एका वाक्यावर ठेवलेलं होतं, आणि हे मला सांगूनसवरून ठेवलेलं होतं.

ती गेल्यावर मी कागद उलगडला आणि आधी उलटा करून नाव वाचलं. एकोणतीस वर्षं जी पट्टी मी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर नको म्हणून नावावर लावली, ती स्वतःसाठी लावायचं मला सुचलं नाही. नाव वाचलं: प्रणाली. मग चित्र सुलटं केलं. ट्रकची मागची फळी, तिच्यावर अर्धवट रंगवलेला गरूड, समोर स्टुलावर उभा राहून रंग देणारा एक पाठमोरा माणूस. आणि रेषा? एका दमात ओढलेली, कुठे न थरथरलेली, लांब केसांच्या ब्रशची सवय असलेल्या हाताची रेषा. मी मनात म्हटलं, चोर सापडला. ज्या पोरीला आंबा येत नाही तिला ही रेषा येते होय? बापाने काढून दिलंय.

लाल मार्कर उचलला आणि कागदाच्या मागे ठसठशीत लिहिलं: 'अन्य व्यक्तीचा हात. स्पर्धेसाठी अपात्र.' खाली सही. पाच मिनिटं काय, पाऊण मिनिटही लागलं नाही. तिच्याऐवजी मी श्रेयसचं चित्र निवडलं. श्रेयस नेहमी चांगलं काढायचा. त्याने खाडी आणि फ्लेमिंगो काढले होते.

तेवढ्यावर गप्प बसेन तर ती मी कसली? मी बाळाराम पेंटरला शाळेत बोलावलं. पालकांनी मुलांची चित्रं काढून देऊ नयेत यावर माझं एक तयार भाषण होतं, ते ऐकवायला. तो दुपारी काम टाकून आला. हाताला टर्पेंटाइनचा वास, शर्टाची बटणं घाईने लावलेली. दाराशीच चप्पल काढून उभा राहिला. मी भाषण दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, म्या नाय काडला."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं.

"नाय, पन ऐका ना. चित्रान मानूस हाय, असा बोलली पोर. मना मानूस येतच नाय. गरूड येतो, कमल येतो, मोर येतो. मानूस कदीच नाय काडला. येक मालक बोलला, माज्या बापाचा फोटू काड. काडला, तं तो रडाय लागला. दुखान नाय, रागान." तो थोडा हसला. मी हसले नाही. "मंग आर्टचा काय बाई?" त्याने विचारलं.

"खोट्या चित्रावर आर्टला जाता येत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं. त्याने मान हलवली, चप्पल घातली आणि गेला. चित्र बघायला त्याने मागितलं नाही आणि मीही दाखवलं नाही.

बुधवारी माझा जोडतास असे. मी ठरवलं, या निमित्ताने वर्गाला धडा द्यावा, परका हात कसा ओळखायचा. चित्र भिंतीवर लावलं. ते कोणाचं हे मी सांगितलं नाही. नाव मागच्या बाजूला असल्यामुळे पट्टीची गरज नव्हती. प्रणाली तिसऱ्या बाकावर बसली होती. तिच्यासमोर तिचंच चित्र मी चोरीचा माल म्हणून टांगलं होतं.

पाच मिनिटं झाली. मी म्हटलं, "बोला. हे मुलाने काढलंय की मोठ्याने?"

"बाई, आधी पहिला प्रश्न," अयान म्हणाला. हा तळोज्याकडून येणारा मुलगा, वडिलांची तिकडे जुनी घरं होती. अभ्यासात यथातथा, पण नजर घारीची. "दिसतंय काय ते सांगतो. स्टुलावर माणूस आहे. त्याच्या टाचा दिसतायत. भेगा आहेत त्यांना, आणि भेगांत निळा रंग गेलाय."

मी चित्राकडे बघितलं. खरंच टाचा होत्या. चित्राच्या बरोबर मध्ये, गरुडापेक्षा मोठ्या. मी त्या पाहिल्याच नव्हत्या.

"दुसरा प्रश्न," तो म्हणाला. "मांडलंय कसं. सगळं खालून दिसतंय. स्टुलाची खालची बाजू दिसतेय. म्हणजे काढणारा जमिनीवर बसलाय, बाई. आणि खाली कोपऱ्यात बघा, रंगाचा डबा आहे. डब्याला धरलेली बोटं दिसतायत. ती कोणाची?"

"काढणाऱ्याची," मागून कोणीतरी म्हणालं.

"बारीक बोटं आहेत," एक मुलगी म्हणाली. "मोठ्या माणसाची नायत."

"आणि त्या पेंटरनेच काढलं असतं तर त्याला स्वतःच्या टाचा कशा दिसल्या?" अयान म्हणाला. "आणि दिसल्या तरी स्वतःच्या भेगा कोण काढतं? तो गरूड पूर्ण करून टाकेल ना आधी."

वर्ग हसला. मग एकेक जण हळूहळू मान वळवून तिसऱ्या बाकाकडे बघायला लागला. प्रणाली वहीत काहीतरी खरडत होती. तिच्या बोटांना नखांशी निळा रंग होता. तीन वर्षं असणार तो तिथे. दर रविवारी बापाचा डबा धरून बसायची, आणि त्याची रेषा बघून बघून हातात आली होती. माझ्या आंब्यासाठी ती वापरावी असं तिला वाटलं नव्हतं, एवढंच. आंब्यात बघण्यासारखं काय होतं?

तास सुटल्यावर मी चित्र उतरवलं, आणि तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. कागद पातळ होता. माझा लाल मार्कर फुटून पुढच्या बाजूला आला होता. बापाचा बनियन तिने रंगवला नव्हता, कागदाचा पांढरा तसाच सोडला होता, आणि ते त्या चित्रातलं सगळ्यात हुशारीचं काम होतं. नेमकं त्या पांढऱ्यावर, पाठीच्या मधोमध, माझी लाल अक्षरं उलटी उमटली होती. वर्गाला ती दिसली असणारच, पण बाईंचं अक्षर म्हणून कोणी बोललं नव्हतं.

मी रिक्षा करून प्रदर्शनाच्या कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाईंनी चित्र उलटं केलं, शेरा वाचला, माझ्याकडे बघितलं. "सही तुमचीच ना मॅडम?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग आता आम्ही काय करणार? आणि तुमच्या शाळेचं चित्र आलंय." ते चित्र म्हणजे श्रेयसचे फ्लेमिंगो. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांचे गुडघे पुढच्या बाजूला दुमडलेले होते, आणि पुढे कळलं की ते क्लासच्या सरांचे होते. परका हात ओळखणाऱ्या बाईंनी स्वतःच्या हाताने पाठवलेले.

पुढच्या बुधवारी मी चित्र पुन्हा भिंतीवर लावलं, पण उलटं. शेरा पुढे आणि माझ्या सहीवर पट्टी. वर्गाला म्हटलं, आज या शेऱ्याचं परीक्षण करा. चारही प्रश्न. मुलं चुळबुळ करायला लागली. अक्षर माझंच, ते न ओळखायला ती काय गाइड वाचून आली होती? मग प्रणाली उभी राहिली. त्या वर्गात ती आपणहून पहिल्यांदाच बोलत होती.

"बाई, ज्याने लिवलंय त्याने बघितलंच नाय," ती म्हणाली. "डायरेक्ट चौथ्या प्रश्नावर उडी मारली."

आणि खाली बसली. आवाज चढवला नाही, की रडली नाही. एकतीस वर्षांत माझ्या कामाचं एवढं अचूक परीक्षण ना कुठल्या निरीक्षकाने केलं, ना मुख्याध्यापकांनी.

रविवारी मी चित्र घेऊन बाळाराम पेंटरच्या जागेवर गेले. ट्रकांच्या रांगेत, डिझेलच्या धुरात, साडी आवरत. तो स्टुलावर उभा होता आणि प्रणाली खाली डबा धरून बसली होती. मला बघून तो खाली उतरला. मी सरळ सांगून टाकलं: "चित्र तिचंच आहे. चांगलं आहे. मी चुकले. तिला आर्टला घाला."

तो ब्रश पुसत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुमचा कुटला शबद धरू? पयला का दुसरा?"

त्याचं काय चुकलं? मी त्याला म्हटलं, "माझा कुठलाच धरू नका. तुम्ही बघा." मी त्याला प्रणालीच्या जागेवर जमिनीवर बसायला लावलं आणि चित्र त्याच्या हातात दिलं. मग चपला काढल्या आणि मी स्वतः त्या स्टुलावर चढून गरुडाकडे तोंड करून उभी राहिले. एक क्लीनर तोंडात तंबाखू धरून आमच्याकडे बघत राहिला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, ट्रकवाल्यांसमोर मी पाच मिनिटं तशी उभी होते.

शेवटी तो म्हणाला, "माज्या टाचा अशा हान?"

"अशाच हायेत, पप्पा," प्रणाली म्हणाली.

"ही डबा धरून बसाची तवा मना वाटाचा, हिचा लक्षच नाय," तो म्हणाला. हे तो मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. मी स्टुलावरून उतरले. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याला ते लपवायचं सुचत नव्हतं. नाक ओढून त्याने विचारलं, "आर्टचा फारम कवा मिलतो बाई?"

मी सांगितलं. मग त्याचं बोट त्या लाल डागावर थांबलं. "आन ह्यो लाल कसला, माज्या पाठीवर?"

"ती माझी चूक आहे," मी म्हटलं.

"ह्या होय? त्यान काय!" तो उठला, पांढऱ्याचा डबा ओढला, ब्रश त्यात बुडवला आणि कडेला निथळला. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या ट्रकवरचे ओरखडे झाकणारा माणूस तो. "येका हातान लपवून टाकतो, बगा."

प्रणालीने चित्र पटकन मागे ओढलं.

"नको पप्पा," ती म्हणाली. "तुमचा हात लागला तर बाई परत लिवतील."